शेवटचं कडवं : वामनदादांच्या गाण्यांच्या कॅसेटी, प्रकल्पाच्या नोंदी

२ मार्च २०२५, नाशिकरोड

बाबांची लोखंडी ट्रंक आज उघडली. वर जुनी सतरंजी, तिच्याखाली ढोलकीच्या तुटलेल्या वाद्या आणि तळाशी कॅसेटी. मोजल्या तर ४१ भरल्या. २६ साठ मिनिटांच्या, १५ नव्वदच्या. काहींवर बाबांच्या अक्षरात गावाचं नाव आहे, काहींवर फक्त ‘जयंती’ असं लिहिलंय. सात कोऱ्या दिसतात, पण कोऱ्या नसणार. बाबा कोरी कॅसेट कधी घरी आणत नसत.

बाबा दिवसा प्रेसमध्ये नोकरीला आणि रात्री गायन पार्टीत. मुख्य गायकाच्या मागे उभं राहून झील धरायची, गरज पडली तर ढोलकीवर बसायचं. निफाड, सिन्नर, येवला, घोटी, जिथं कार्यक्रम असेल तिथं त्यांचा एका स्पीकरचा टेप सोबत जायचा. तो पुढच्या रांगेत कुणाच्या तरी मांडीवर ठेवून ते स्टेजवर चढत.

हे काम का काढलं ते आजच लिहून ठेवते. मागच्या वर्षी बाबांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे मृत्यूनंतरच्या बौद्ध विधीला, त्यांच्या पार्टीतली उरलेली चौघं आली होती. त्यांनी आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकांचं गाणं धरलं. तीन कडवी झाली आणि गाणं थांबलं. शेवटचं कडवं चौघांनाही आठवेना. एकमेकांकडे बघत त्यांनी धृपद दोनदा म्हटलं आणि पेटी बंद केली. मी कोपऱ्यात उभी होते. मला ते फार लागलं. वामनदादा कर्डक शेवटच्या कडव्यात बहुतेक वेळा ‘वामन’ हे आपलं नाव गुंफतात, तुकोबांच्या अभंगात ‘तुका म्हणे’ येतं तसं. शेवटचं कडवं गेलं की गाणं राहतं, पण गाणारा कवी गळून पडतो.

तर काम असं : घरोघरी पडलेल्या गायन पार्ट्यांच्या कॅसेटी उतरवून घ्यायच्या आणि त्यातल्या वामनदादांच्या प्रत्येक गाण्याची नोंद करायची. कुणी गायलं, कुठे गायलं, चाल कोणती, किती कडवी आणि शेवटचं आलं का. सुरुवात घरापासून.

आजची तारीख मुद्दाम धरली. २ मार्च १९३० ला इथेच, पंचवटीत, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. त्या दिवशी ते साडेसात वर्षांचे होते.

५ मार्च

डेक दुरुस्त करून आणला, रबरी पट्टे नवे टाकले. हेड आणि दाबचाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, कापूस तांबूस निघाला. पहिल्या सहा कॅसेटींमधला फोमचा छोटा पॅड सुटून पडलेला आहे. तो नसला तर फीत हेडला नीट टेकत नाही आणि आवाज दबतो. मेलेल्या कॅसेटींमधले पॅड काढून यांना लावते आहे.

हिशोब : ४१ कॅसेटी म्हणजे साडेअठ्ठेचाळीस तास. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन्ही चॅनेल घेतले तर सुमारे १०० जीबी. तीन प्रती करायच्या, त्यातली एक या घराबाहेर ठेवायची. माझ्या भाच्याला हे जास्त वाटतं. “मावशी, एमपीथ्री कर, दोन जीबीत बसेल.” त्याला म्हटलं, एकदाच उतरवायला मिळणार आहे. नव्वदच्या कॅसेटीतली फीत केसापेक्षाही पातळ, जेमतेम १२ मायक्रॉनची असते. ती दुसऱ्यांदा धावेल याची खात्री मी देणार नाही.

९ मार्च

आज फक्त एक चूक निस्तरली, पण ती महत्त्वाची होती. दोन घरांतून आलेल्या याद्यांमध्ये ‘कर्डकांचा जलसा’ असं होतं आणि भाच्याने ते सगळं वामनदादांच्या खात्यात टाकलं. हे दोन वेगळे कर्डक आहेत. भीमराव कर्डक वयाने थोरले. तेही नाशिक जिल्ह्यातलेच. त्यांचा जलसा, म्हणजे गाण्या-नाटकातून प्रबोधन करणारा फड, १९३० च्या दशकात गावोगाव फिरला आणि पुढे जलशांचा इतिहासही त्यांनीच लिहून ठेवला. सत्यशोधक जलशाचा सांगाडा घेऊन आंबेडकरी जलसा उभा राहिला. देवाच्या स्तवनाऐवजी समतेचा विचार, गवळणीऐवजी सवाल-जवाब, आणि वगात सावकार, तलाठी, भटजी. वामनदादा त्याच्या पुढच्या पिढीचे. त्यांच्या काळात जलशाची जागा हळूहळू गायन पार्टीने घेतली. नाटकाचा भाग आटला, पेटी, ढोलकी किंवा तबला आणि बेंजो पुढे आले, कव्वालीची बैठक आली.

मला हे दोघे एकाच नावात मिसळलेले चालणार नाहीत. एकाने जमीन नांगरली, दुसऱ्याने तिच्यात पेरलं. नोंदवहीत आता दोघांची पूर्ण नावं लिहायची.

१६ मार्च

पेटीवाले अण्णा आले. वय ७९, बोटं अजून साफ. कॅसेट ७ लावली. अर्ध्या मिनिटात त्यांनी हात वर केला.

“ही पट्टी आमची नाही.”

“म्हणजे?”

“आम्ही पांढरी चारवर गायचो, बेटा. हे काळी तीन लागतंय. तुझं मशीन पळतंय.”

काळी तीन म्हणजे पेटीवर पांढरी चारपेक्षा अर्धा सूर वरची पट्टी. मशीन तर मी मोजून लावलेलं. म्हणून उलट बाजूने शोध घेतला. लाऊडस्पीकरच्या ॲम्प्लिफायरची घरघर रेकॉर्डिंगमध्ये उतरलेली असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ती घरघर ५० वर दिसायला हवी. आलेखावर दिसली ५३ ला. सहा टक्के वर, बरोबर अर्धा सूर. बाबांचा टेपच त्या रात्री हळू चालत होता, म्हणून आज गाणं चढं ऐकू येतंय. फाईल सहा टक्के खाली आणली. अण्णांनी आपली पेटी उघडून पांढरी चार दाबली, दोन्ही सूर एकमेकांत मिसळले. अण्णा काही बोलले नाहीत, भात्यावरचा हात तसाच ठेवून ऐकत राहिले.

पण एकट्या घरघरीवर भरवसा ठेवायचा नाही, हेही लिहून ठेवते. त्या काळी संध्याकाळी भार वाढला की विजेची वारंवारता ४९ च्याही खाली यायची. पेटीचे सूर मात्र वर्षानुवर्षं फारसे हलत नाहीत. दोन्ही साक्षीदार घ्यायचे आणि भांडण झालं तर पेटीचं ऐकायचं.

मूळ उतरवलेली फाईल जशीच्या तशी राहील. दुरुस्ती दुसऱ्या प्रतीत.

२१ मार्च

कॅसेट ८ ते ११. हेडचा कोन प्रत्येक वेळी बदलावा लागतो, बारीक स्क्रू फिरवत झांज मोकळी वाजेपर्यंत. वामनदादांची गाणी ९, शेवटचं कडवं फक्त चारांत.

३० मार्च

सूचीच्या सुरुवातीला वामनदादांविषयी दोन पानं हवीत असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. आज ती लिहायला बसले आणि एकाच प्रसंगापाशी दिवस गेला.

वडील तबाजी, आई सईबाई. देशवंडीतून पोटासाठी मुंबई. शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत मुक्काम, गिरणीत काम, कोळशाच्या वखारीत काम, कधी चिक्की तर कधी आइसफ्रूट विकायचं. तिथं एकदा कुणीतरी आपलं पत्र वाचून दाखवायला सांगितलं. अंगावर नीट कपडे, बाबासाहेबांच्या समता सैनिक दलात वावर, त्यामुळे या माणसाला वाचता येत असणार असं समोरच्याला वाटलं. वामनदादांना एक अक्षर येत नव्हतं. ते रडले. दलातल्या देहलवी मास्तरांनी त्यांना अक्षरं शिकवली. मग रस्त्याने जाताना दुकानांवरच्या पाट्या वाचत वाचत त्यांनी जोडाक्षरांपर्यंत मजल मारली.

हा प्रसंग आमच्याकडे भाषणात सांगतात, टाळ्या पडतात आणि वक्ता पुढे जातो. मी त्या पाट्यांपाशी थांबले. ज्या माणसाने मराठी अशी रस्त्यावर, चालता चालता वाचली, त्याच्या गाण्यातला शब्द कानाला आधी भेटणार आणि कागदाला नंतर. पहिलं गाणं ३ मे १९४३ चं. एका हिंदी गाण्याच्या चालीवरचं ते विडंबन होतं. तेव्हा ते वीस वर्षांचे होते. आधी चाल, मग शब्द. पुढची साठ वर्षं ते माणसांत उभे राहून गाणी बांधत आणि गात राहिले.

छापील पुस्तकं फार उशिरा आली. ‘वाटचाल’ १९७३, ‘मोहळ’ १९७६, ‘हे गीत वामनाचे’ १९७७. म्हणजे पहिलं गाणं आणि पहिलं पुस्तक यांच्यामध्ये तीस वर्षं गेली. त्या तीस वर्षांत गाणी कुठे होती? बाबांसारख्यांच्या तोंडात, वह्यांत, आणि दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला विकायला असणाऱ्या पातळ पुस्तिकांमध्ये. माझ्या समोरच्या ४१ कॅसेटी त्याच साखळीतल्या आहेत. दोन पानांत हेच लिहिलं.

१३ एप्रिल

बाबासाहेबांच्या जयंतीची पूर्वसंध्या. काम बंद. रात्री बारापर्यंत वस्तीत फिरले. दोन मंडळांपुढे मोठे साउंड, वामनदादांची दोन गाणी ठेक्यावर बसवलेली. पोरं बेभान नाचत होती. मला वाईट वाटलं नाही, उलट भरून आलं, कारण बोल त्यांना पाठ होते. पण दोन्ही गाण्यांत दोन कडव्यांनंतर गाणं पुन्हा धृपदावर उडी मारतं. नाव कुठेच नाही. एका पोराला विचारलं, “हे कुणाचं रे?” त्याने गायकाचं नाव सांगितलं.

१५ एप्रिल

परवा रात्रीचं डोक्यातून जात नाही. जुन्या बाजारू कॅसेटींच्या वेष्टनांवरही असंच असायचं. गायकाचा फोटो, नाव मोठं, आणि कवीचं नाव मागच्या बाजूला बारीक टायपात. कधी नुसतं ‘पारंपरिक’. ज्याचा जन्मदिनांक माहीत आहे, ज्याला हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय, त्याचं गाणं पारंपरिक कसं? सूचीत हा शब्द वापरायचा नाही. कवी कळला तर नाव लिहायचं, नाही कळला तर ‘कवी शोधायचा आहे’.

२७ एप्रिल

मराठीच्या प्राध्यापक मॅडम आल्या होत्या. गेल्या महिन्यात त्यांनी फोनवर विचारलं होतं, वेगवेगळ्या पार्ट्यांत चाल बदलली तरी गाण्याचं वजन का बदलत नाही? आज उत्तर त्यांनीच टेबलावर टिचक्या मारून दिलं.

‘भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते’ ही ओळ त्यांनी फोडून दाखवली, ‘गा’ म्हणजे दीर्घ, ‘ल’ म्हणजे ऱ्हस्व : गागाल गालगागा, गागाल गालगागा. गझलेत चालणारं आनंदकंद वृत्त, एक मात्रा इकडची तिकडे नाही. ‘लोक’ आणि पुढच्या ओळीतलं ‘टोक’ हे यमक, म्हणजे काफिया, आणि ‘असते’ हा रदीफ, यमकानंतर तसाच परत येणारा शब्द. पुढच्या ओळीची सुरुवात ‘तलवारीचे’ अशी आहे. ती वृत्तात बसवायची तर ‘री’ ऱ्हस्व म्हणावी लागते.

कॅसेट ३, १२ आणि १५ काढल्या. तीन पार्ट्या, तीन गायक, दोन वेगळ्या चाली. तिन्ही ठिकाणी ‘तलवारिचे’. कुणीही वृत्ताचं नाव ऐकलेलं नसणार. बाबांनी तर नक्कीच नाही. मॅडम म्हणाल्या, “वृत्त पुस्तकात नसतं गं, ते श्वासात असतं.” मी कव्वालीच्या मुकाबल्यांचं म्हणाले. रात्रभर चालणाऱ्या त्या बैठकींत उर्दू-हिंदीची वजनं कानावर पडायची, तिथूनच ती या सगळ्यांच्या अंगात मुरली असणार. त्यांना पटलं, मला अजून नीट मांडता येत नाही.

याचा कामाला सरळ उपयोग होतो. फितीत एखादा शब्द पुसट असला तर वजनावरून किती मात्रा हव्यात ते कळतं. आज कॅसेट १५ मधले दोन शब्द असेच सोडवले. अंदाजाने बसवलेले शब्द सूचीत चौकटी कंसात जातील.

१५ मे

स्मृतिदिन. २१ वर्षं झाली. २००४ साली आजच्या तारखेला नाशिकमध्येच वामनदादा गेले. सकाळी मेणबत्ती लावली, मग कामाला बसले.

भाच्याचा प्रश्न तीन आठवडे अडून होता : हे सगळं नेटवर मोफत टाकून का देत नाही? आज त्याला शांतपणे सांगितलं. आपल्या कायद्यात कवीच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे २०६४ संपेपर्यंत ही गाणी त्यांच्या वारसांची आहेत. गाणाऱ्यांचे हक्क आणखी वेगळे. परवानगी मिळेपर्यंत आपण सूची खुली करू. ऐकायचं असेल त्याने इथे यावं, चहा घ्यावा, ऐकावं. ज्याला हयातीत बिदागीशिवाय फारसं काही मिळालं नाही, त्याचं गाणं आपणही फुकटात वाटायचं, हे मला जमणार नाही.

तो म्हणाला, “पण लोकांपर्यंत पोचायला पाहिजे ना.” त्याचंही खरं आहे. वारसांना पत्राचा मसुदा त्यानेच लिहिला. चांगला लिहिलाय.

२८ मे

आठ दिवस पाऊस, मे महिन्यात. एका घरातून आलेल्या पाच कॅसेटींवर पांढरी बुरशी. वेगळ्या डब्यात सिलिकाच्या पुड्यांबरोबर बंद केल्या. वाळल्याशिवाय डेकजवळही न्यायच्या नाहीत.

८ जून

आज जे झालं ते सावकाश लिहिते.

दुपारी आई भाजी निवडत होती. मी शेजारच्या खोलीत कॅसेट २३ उतरवत होते. गाणं तिसऱ्या कडव्यावर आलं आणि फीत संपली, खट् करून बटण वर आलं. हे आता नेहमीचं आहे. अण्णांचं म्हणणं, शेवटचं गाणं पहाटे व्हायचं, तोवर कॅसेट भरलेली असायची. आतून आईचा आवाज आला. ती गाणं पुढे म्हणत होती. धृपद, आणि मग चौथं कडवं, ‘वामन’सकट, न अडखळता.

“आई, हे तुला कुठून येतं?”

“लिहिलंय ना मी.”

“कुठे?”

“तुझ्या बाबांच्या वहीत. त्यांना कुठं वेळ होता लिहायला.”

बाबांच्या तीन वह्या आहेत. त्या मी लहानपणापासून बघते आहे. कार्यक्रमाला जाताना बाबा त्या पिशवीत घालायचे, म्हणून त्या बाबांच्या. आज पहिल्यांदा नीट उघडून पाहिल्या. अक्षर आईचं आहे. तिन्ही वह्यांत, पहिल्या पानापासून. चौथी शिकलेली बाई, रात्री दिव्याखाली बसून, बाबा म्हणतील तसं उतरवून घ्यायची. बाबा गाताना जिथं थकायचे तिथं म्हणायचे, “बाकीचं उद्या.” पण ती सोडायची नाही. “अपुरं गाणं कसं लिहायचं? शेवटाला नाव असतं, ते लिहिल्याशिवाय कुणाचं ते कसं कळंल?”

मी तीन महिने जे लोकांना समजावत फिरते आहे, ते तिला पन्नास वर्षांपासून माहीत आहे. आणि आतापर्यंत ऐकलेल्या एकाही कॅसेटीत तिचा आवाज नाही. पार्टी पुरुषांची, स्टेज पुरुषांचं. बायका समोर बसून ऐकायच्या, घरी येऊन पाळण्यापाशी, जात्यापाशी, बारशाला तीच गाणी म्हणायच्या. तिथं टेप कुणी नेला नाही. मीसुद्धा काम सुरू करताना ट्रंक उघडली आणि आईला विचारलं नाही. ही चूक माझी आहे आणि ती मी भरून काढणार आहे.

रात्री जेवण झाल्यावर तिच्यासमोर माइक ठेवला. सुरुवातीला लाजली, पदर सारखा करत राहिली. मग गायली. सहा गाणी, सगळी पूर्ण.

९ जून

वह्यांची मोजणी : १३७ गाणी. त्यातली ८८ वामनदादांची. त्यांपैकी ८१ शेवटच्या कडव्यासह.

१५ जून

वह्यांचं लिप्यंतर सुरू केलं. मॅडमचं आणि माझं एका गोष्टीवर वाजलं. आईने ‘पाणी’चं ‘पानी’ लिहिलंय, ‘आहे’चं ‘हाय’. मॅडमना वाटतं छापताना प्रमाण करावं, नाहीतर वाचणारे अशुद्ध म्हणतील. मी म्हटलं, म्हणू देत. वामनदादांनी ‘हाय हो’ असं बांधलेलं असेल आणि आपण ते ‘आहे हो’ केलं, तर वजन मोडतं आणि माणूसही मोडतो. पण त्यांचाही एक मुद्दा रास्त होता. कवीने स्वतः जिथं ग्रांथिक शब्द वापरलाय आणि आईच्या हातून तो बोलीत उतरलाय, तिथं काय? छापील संग्रहात जे गाणं आहे, त्याचा पाठ शेजारी द्यायचा आणि वहीचाही तसाच ठेवायचा, असं ठरलं. पानं वाढतील. वाढू देत.

२२ जून, देशवंडी

सकाळी निघालो. मी, आई आणि भाचा. आईला गाव बघायचं होतं. इतकी वर्षं त्याच तालुक्यातल्या माहेरी जाणं-येणं, पण देशवंडीला कधी उतरली नव्हती. पाऊस चांगला झालेला, रानं पेरणीच्या गडबडीत.

एका ओट्यावर चार बायका बसलेल्या. “जय भीम” झाला. कशासाठी आलो ते सांगितलं. सगळ्यांत म्हाताऱ्या आजीबाईंनी आधी आम्हाला पाणी दिलं आणि मग आईलाच विचारलं, “तुला येतं का एखादं?” आईने धरलं. दुसऱ्या ओळीला आजीबाई मिसळल्या. चाल वेगळी होती! नाशिकरोडची पार्टी जिथं वर जाते तिथं या खाली उतरतात, ओवीच्या वळणाने. दोघी थांबल्या, हसल्या, आणि आजीबाई म्हणाल्या, “तू तुझ्या चालीनं म्हन, मी माझ्या म्हनते.” तसंच केलं. एकाच गाण्याच्या दोन चाली, लागोपाठ, एकाच ओट्यावर. शेवटचं कडवं दोघींनाही येत होतं. एक शब्द मात्र वेगळा. दोन्ही लिहून घेतले. खरा कुठला ते ठरवायची घाई नाही.

परतताना आई गाडीत म्हणाली, “त्यांची चाल बरी आहे. रडू येतं त्यात.”

९ जुलै

कॅसेट १९. यात गायक सुरुवातीला पांढरी चारला आणि शेवटाकडे चढत चढत काळी तीनच्याही वर जातो. घरघर नाही, म्हणजे त्या रात्री वीजच नव्हती. टेप सेलवर होता. सेल उतरत गेले, टेप मंदावला, म्हणून आज सरळ लावली की आवाज वर सरकतो. अण्णांना ऐकवलं तर ते मानेनात. “तो गडी तापायचाच शेवटाला. मी पेटीवर होतो.”

पेटी चढत नाही, असं मी म्हणाले. अण्णा विचारात पडले. मग म्हणाले, “सूर नाही चढला. पण तो तापायचा, हे लिही.”

तंत्राच्या रकान्यात सेलचं लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात अण्णांचं.

३ ऑगस्ट

बुरशीच्या पाचपैकी तीन वाचल्या. एकीवर मोठ्या अक्षरात ‘वामनदादा, स्वतःच्या आवाजात’ असं लिहिलंय. ज्या घरातून आली त्यांचा तसाच विश्वास आहे आणि त्यांनी ती देवासारखी जपली. मी दोनदा ऐकली. आवाज तयारीचा आहे, निवेदन कुठेच नाही. वेष्टनावरच्या शब्दावरून एवढी मोठी गोष्ट सूचीत लिहायची नाही. सूचीत गेलं : ‘वेष्टनावर असा मजकूर, पडताळणी बाकी’. त्या काकूंना फोन करून तसं सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “बरं. पण आम्ही दादांचाच म्हणणार.” मी म्हटलं, काकू, तुम्ही जरूर म्हणा.

१५ ऑगस्ट

दादांचा जन्मदिवस. सूचीचा पहिला भाग बांधून घेतला, २६ कॅसेटींचा. तीन प्रती : एक इथं, एक मॅडमच्या कॉलेजात, एक देशवंडीच्या आजीबाईंकडे. त्यांना वाचता येत नाही, त्यांची नात आठवीत आहे, ती वाचून दाखवणार आहे.

संध्याकाळी तीच चौघं घरी आली, पुण्यानुमोदनाला होती ती. अण्णांनी पेटी काढली. तेच गाणं धरलं. तिसरं कडवं संपलं, तेव्हा चौघंही थांबून आईकडे बघू लागले. तिने तोंडाला पदर लावला. मग बसल्या जागेवरूनच म्हणाली, आणि चौघांनी झील धरली.

रेकॉर्डिंग झालं आहे. फाईल क्रमांक ४२, गायिका : आई. विजेवर, पांढरी तीन. अण्णांनी पट्टी तिच्यासाठी उतरवली.

१९ ऑगस्ट

कॅसेट २७ लावली. निफाड, साल लिहिलेलं नाही. ‘अ’ बाजूवर पाच गाणी, दोन वामनदादांची, दोन्ही तिसऱ्या कडव्यावर तुटतात. एक आईच्या दुसऱ्या वहीत पान ३१ वर पूर्ण आहे. दुसरं वहीत नाही, आईलाही येत नाही. देशवंडीला फोन केला. आजीबाई शेतात होत्या, रात्री करायला सांगितलाय.

‘ब’ बाजू उद्या.